डोक्यावर कानबाई, मानेत कळ

"पाय जुळवा. हात खाली सोडा. आता डोळे मिटा," मी म्हटलं.

इंदूबाईंनी डोळे मिटले आणि त्या हलायला लागल्या. आधी पुढेमागे, मग डावीकडे. मी धरायला हात पुढे केले, तेवढ्यात बाकावर बसलेल्या त्यांच्या सासूबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, सुनेला सावरतायत. पण त्या पाया पडायला उठल्या होत्या. सुनेच्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं आणि तिथूनच मला फर्मावलं, "हळदकुकू आन वं माय."

माझ्या डिपार्टमेंटमध्ये हळदकुंकू कुठलं असणार? मेण वितळवायचा डबा होता, वाळूच्या पिशव्या होत्या, शेकायचा लाल दिवा होता. मी इंदूबाईंना खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आक्का, आधी उठा बघू. तुम्ही पायात बसलात तर त्या तुमच्यावरच पडतील."

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मी फिजिओथेरपिस्ट. जळगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नोकरीला होते. आजारामुळे किंवा मार लागून शरीराची हालचाल अडली असेल तर शेक, व्यायाम, ताण असे उपाय करून ती मोकळी करायची, हे आमचं काम. तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी मला लाईटवाली बाई म्हणे, कुणी मालिशवाली. चांगल्या घरच्या बायकासुद्धा दारातून डोकावून विचारायच्या, "मालिश करनारी बाई कोठे शे?" मी पुण्याकडची, तिशीच्या आतली, आणि नाकावर राग. "मालिशवाली सुट्टीवर आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, चालेल का?" असं म्हणायचे. त्यांना ते चालायचं. खान्देशातली माणसं मनाला लावून घेत नाहीत.

इंदूबाईंना आमच्या मोठ्या सरांनी पाठवलं होतं. सर दवाखान्याचे मुख्य सर्जन. चिठ्ठीवर त्यांनी 'मानदुखी, चक्कर, ट्रॅक्शन द्यावे' एवढंच लिहिलं होतं. ट्रॅक्शन म्हणजे हनुवटीखाली पट्टा बांधून, कप्पीवरून वजन सोडून मान हळूहळू ताणायची. त्या काळी मान दुखली की ट्रॅक्शन, हा जवळजवळ नियमच होता.

मी इंदूबाईंना मान वळवायला सांगितली. त्यांनी मान वळवलीच नाही, अख्ख्या वळल्या. खांद्यांसकट, कमरेसकट. परत सांगितलं, परत तेच. मानेवर बिब्ब्याचे काळे चट्टे होते. दुखऱ्या जागी बिब्बा घालायचा म्हणजे कातडी भाजते आणि आतलं दुखणं त्यापुढे काही वेळ विसरायला होतं. कवटीच्या खाली, मान सुरू होते तिथे मी बोटं ठेवली तर स्नायू दगडासारखे लागले. जरा दाबलं तशी बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

वय तीसच्या आसपास. पाचोऱ्याजवळच्या गिरणाकाठच्या गावातल्या. नदीवरून डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून पाणी आणायचं, कापसाच्या दिवसांत गाठोडी वाहायची, उन्हाळ्यात सरपण. मान दुखायला लागून दोनेक वर्षं झाली होती. हलवली की दुखते म्हणून हलवायची नाही, आणि हलवली नाही म्हणून आणखी आखडते, असा तो फेरा होता.

हे सगळं मला सासूबाईच सांगत होत्या. भागाआक्का त्यांचं नाव. ठणठणीत आवाज, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मानदुखीबद्दल बोलताना त्या घाईत होत्या. हलण्याबद्दल बोलायला लागल्या तसा चेहरा उजळला. गेल्या श्रावणात त्यांच्या सुनेच्या अंगात कानबाई आली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई म्हणजे खान्देशातल्या घराघरांतली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसवतात. नारळालाच डोळे, नथ, दागिने घालून पाटावर मांडतात. नेमाच्या गव्हाच्या पोळ्या, म्हणजे रोट करतात, सगळे भाऊबंद एकत्र जेवतात. सोमवारी सकाळी ती पाटासकट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. भागाआक्कांच्या कुळात डोक्यावर घ्यायचा मान थोरल्या घराच्या सुनेचा. आक्कांनी तो उमेदीची सगळी वर्षं सांभाळला होता. नदीच्या उतारावर त्या डुलायला लागत आणि लोक रस्त्यावर आडवे होऊन पाया पडत. मग सून आली. पहिली काही वर्षं सून सरळ चालत गेली, आणि आक्कांना वाईट वाटायचं. गेल्या वर्षी मात्र त्याच उतारावर ती डुलली.

"मग आता इकडे कशाला आणलंत?" मी विचारलं.

मान फार दुखते म्हणून रात्रीची झोपत नाही, असं त्या म्हणाल्या. दुखणं तेवढं काढून द्या. बाकी सगळं चांगलं आहे.

मी आक्कांना पाणी प्यायला बाहेर पाठवलं. त्या गेल्या तशी इंदूबाईंनी दाराकडे बघितलं, पुन्हा अख्ख्या वळून, आणि हळूच बोलल्या.

"मन्हा आंगमा काही येत नही, डॉक्टरबाई. मन्ही मान दुखस आनि पायखालनी जमीन सरकस."

गेल्या वर्षी उतारावर पाऊल कुठे पडतंय तेच त्यांना कळेना. त्या कलंडल्या, तशी दोन्ही बाजूंच्या बायकांनी पाट धरला, वाजंत्रीवाल्यांनी ठेका वाढवला आणि लोक पाया पडायला लागले. मला सावरा, असं त्या ओरडल्या, पण वाजंत्रीत कुणाला ऐकू जाणार? तेव्हापासून दर मंगळवारी दारात माणसं येऊन बसत. शेळी हरवली ती कुठे सापडेल, पोरीचं लग्न कधी जमेल. इंदूबाई काही बोलायच्या नाहीत. लोक त्या गप्प बसण्यातूनच उत्तर काढून घेऊन जात.

मी म्हटलं, मग या वर्षी दुसऱ्या कुणाला उचलू द्या की.

त्यांना ते आवडलं नाही. "मले कानबाई उचलनी शे. पण तिले लिसन मी पडनू ते गाव मले जगू देवाव नही."

एवढंच हवं होतं त्यांना. कानबाई डोक्यावर घ्यायची आणि पडायचं नाही. श्रावण यायला अजून अवकाश होता. मी म्हटलं, बघू या.

आता जमीन का सरकते ते सांगते. माणूस उभा असतो तेव्हा आपल्याला वाटतं तो काहीच करत नाही. खरं तर तो सारखा पडत असतो आणि सारखा सावरत असतो. त्यासाठी मेंदूला चारी बाजूंनी बातम्या लागतात. डोळे सांगतात, भिंत सरळ आहे. कानाच्या आत तोलाचं एक यंत्र असतं, ते सांगतं डोकं किती कललं. तळपाय सांगतात भार कुठे पडतोय. चौथी बातमी येते मानेतून. मानेचे बारीक स्नायू सांगतात की डोकं धडावर नेमकं कसं बसलंय. मान दुखून आखडली की ही चौथी बातमी चुकीची यायला लागते. बाकीचे तिघे धड असतील तर माणूस निभावून नेतो. डोळे मिटले किंवा अंधार असला की घोटाळा होतो.

इथे एक अडलं. इंदूबाईंनी नदीवर जाताना डोळे काही मिटले नव्हते. मग उतारावरच काय झालं? मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. पाट कसा धरता, नजर कुठे असते. तेव्हा कळलं की पाटाला समोरून झेंडूच्या आणि शेवंतीच्या माळा सोडतात, त्या तोंडावर येतात. उचलणारीला समोरचं धड दिसत नाही. शिवाय मान हलवायची नाही, खाली बघायचं नाही. म्हणजे डोळे मिटल्यासारखेच, आणि पायाखाली नदीचा उतार. गेल्या वर्षी त्या पडल्या नाहीत हेच नवल.

मी सरांकडे गेले. सरांनी कानांची तपासणी आधीच केली होती, त्यात काही नव्हतं.

"ट्रॅक्शन सुरू केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. एवढी आखडलेली मान ओढली तर आणखी घट्ट होईल. आधी सैल करते, मग तोलाचे व्यायाम घेते."

"मानदुखीला तोलाचे व्यायाम? पुस्तकात ट्रॅक्शन आहे."

"पुस्तकातल्या पेशंटच्या डोक्यावर पाट नाही सर."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. चांगला माणूस, पण वाद घातलेला आवडायचा नाही. मग म्हणाले, "करा. पडली तर माझ्याकडे आणू नका."

आठवड्यातून दोनदा इंदूबाई पॅसेंजरने यायच्या. मी लाल दिव्याने शेकायचे, मग मान हाताने मोकळी करायचे. हो, मालिशच. चारचौघांत मी कबूल करायचे नाही, एवढंच. मग भिंतीवर खडूने एक टिंब काढलं. नजर टिंबावर, मान मात्र हळूहळू डावीकडे, उजवीकडे. मान मोकळी वळली पाहिजे आणि डोळ्यांनी टिंब सोडता कामा नये. नंतर पाय जुळवून उभं राहायचं, मग एका पावलापुढे दुसरं. शेवटी तेच डोळे मिटून. सुरुवातीला मी मागे हात धरून उभी असायचे. पुढेपुढे नुसती उभी असायचे.

महत्त्वाची गोष्ट दवाखान्यात होणार नव्हती. डोक्यावरचे हंडे काही काळ बंद व्हायला हवे होते. सुनेनं पाणी भरायचं नाही, असं मी सांगितलं असतं तर भागाआक्कांनी पुन्हा तोंड दाखवलं नसतं. मी दोन दिवस विचार केला. मग आक्का सोबत आल्या तेव्हा त्यांना जवळ बसवलं आणि म्हटलं, "आक्का, या डोक्यावर कानबाई बसणार. श्रावणापर्यंत त्यावर दुसरं कुठलं ओझं ठेवावं का, तुम्हीच सांगा."

आक्कांनी सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ठरवून टाकलं. नेम झाला. गावी गेल्यावर त्यांनी स्वतः चुंबळ घेतली आणि पाण्याला जायला लागल्या. गावातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली म्हणे. मी खोटं काही बोलले नव्हते. पण मनातून खूश झाले होते, हे खरं. बघ, पुण्याची पोरगी खान्देशी सासूला कशी पुरून उरली, असं स्वतःलाच सांगत होते.

श्रावण जवळ आला तशी मी इंदूबाईंना डोक्यावर ओझं घेऊन चालायला लावलं. आधी नुसती चुंबळ, मग लाकडी पाट, मग पाटावर पाण्याने भरलेला तांब्या. ओपीडीच्या बाहेरच्या व्हरांड्यात बाई डोक्यावर पाट घेऊन डोळ्यांवर फडकं बांधून चालतायत आणि मी मागून चालतेय, हे सरांनी बघितलं. ते थांबले. सगळी ओपीडी थांबली. तांब्या हलला नाही.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"ट्रीटमेंट," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि निघून गेले. ट्रॅक्शनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

कानबाईला इंदूबाईंनी मला आग्रहाने बोलावलं. रविवारी संध्याकाळी मी पोचले, रोटाचं जेवण भाऊबंदांचं म्हणून मला शेजारी वाढलं, पण वाढलं पोटभर. सोमवारी सकाळी अंगणात आरती झाली. इंदूबाई नवं लुगडं नेसून उभ्या होत्या. ओठ कोरडे पडले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "मान सैल ठेवा. कुणी दिसलं तर वळून बघा, काही होत नाही." समोरच्या माळा त्यांनी आदल्या दिवशीच जावेला सांगून दोन बाजूंना बांधून घेतल्या होत्या. समोर सगळं दिसत होतं.

पाट डोक्यावर चढला आणि मिरवणूक निघाली. मी बाजूने चालत होते. गल्ली झाली, चावडी झाली. माझी नजर त्यांच्या पायांवर. पावलं सरळ पडत होती. एका दारातून त्यांच्या माहेरची कुणी बाई हाक मारत होती, तर इंदूबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि हसल्या. फक्त मान वळवली. मला एवढा आनंद झाला की मीच वाजंत्रीच्या तालावर पाय टाकायला लागले.

उतार आला. वाजंत्रीवाल्यांना जागा ठाऊक होती. त्यांनी ठेका वाढवला. बायकांनी पदर खोचले, माणसं रस्त्याच्या कडेला पाया पडायच्या तयारीने बसली. इंदूबाई उतार उतरल्या. सावकाश, सरळ, भरलेला हंडा घेऊन उतराव्यात तशा. वाजंत्रीवाल्यांनी आणखी जोर केला. त्या पाण्यापर्यंत पोचल्यासुद्धा.

वाजंत्री थांबली. मागून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "यंदा कानबाई उनीच नही."

कुणी तिला गप्प केलं नाही. पुढचं सगळं नीट पार पडलं, पण लोक लवकर पांगले. इंदूबाई माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला आणि दाबला. त्यांचे डोळे भरले होते. कानबाई डोक्यावर घेऊन इतक्या सुखाने मी कधी चाललेच नव्हते, असं त्या नंतर म्हणाल्या. मला भागाआक्कांना भेटायचं होतं. त्या नदीकडे पाठ करून उभ्या होत्या आणि मला बघूनही बोलल्या नाहीत. मला राग आला. एवढे महिने राबले ते कुणासाठी, असं वाटलं. परतीच्या गाडीत तो राग टिकला नाही, नुसतं वाईट वाटत राहिलं.

काही दिवसांनी आक्का एकट्याच डिपार्टमेंटमध्ये आल्या. मी खुर्ची दिली. त्या बाकावरच बसल्या. मंगळवारची माणसं आता येत नाहीत, इंदू ढाराढूर झोपते, घरात सगळं बरं आहे, असं एका दमात सांगितलं. मग म्हणाल्या,

"तू मन्ही सूननी मान बरी करी. बठ्ठा गाव म्हनस, बाई रुसनी."

मी म्हटलं, "आक्का, बाई रुसली नाही. इंदूबाईंची मान आखडली होती, म्हणून तोल जात होता. मान सुटली, तोल आला." आणि मग, सवयीप्रमाणे, सगळं समजावून सांगायला लागले. डोळ्यांची बातमी, कानाची बातमी, मानेची बातमी. समोरचा माणूस शांत ऐकत असला की मला थांबता येत नाही. आक्का फार शांत ऐकत होत्या.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग मन्हा आंगमा येत व्हती ती कोन?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. उमेदीची सगळी वर्षं डोक्यावर हंडे, बिब्ब्याचे चट्टे त्यांच्याही मानेवर, तोच उतार, त्याच माळा. मी तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. बाई पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. एवढी वर्षं गाव जिच्या पाया पडलं ती बाई.

"मला फक्त मानेचं कळतं आक्का," मी म्हटलं. "त्याच्यापलीकडचं मला काही कळत नाही."

त्यांनी मान हलवली. हलवली म्हणजे खांद्यांसकट हलवली. पाणी भरून भरून त्यांचीही मान पार धरली होती, आणि ते पाणी मीच भरायला लावलं होतं. मी म्हटलं, इथे बसा, शेकून देते. महिनाभर आलात तर इंदूबाईंसारखी मोकळी होईल.

आक्का उठल्या. एक हात बाकावर, एक हात भिंतीला. उभ्या राहताना जराशा डुलल्या, आणि तशाच थोडा वेळ डोळे मिटून राहिल्या. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी हाताने मला लांब ठेवलं.

"मन्ही मान ऱ्हाऊ दे वं माय," त्या म्हणाल्या.

दारातून पदर सारखा करत त्या गेल्या. पुन्हा काही आल्या नाहीत. इंदूबाई पुढे बरीच वर्षं कानबाई उचलत राहिल्या, कधी पडल्या नाहीत, कधी डुलल्याही नाहीत. सरांनी त्यानंतर मानदुखीच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'तोल पाहावा' असं लिहायला सुरुवात केली, त्याचं श्रेय मी घेते.

मी मात्र तेव्हापासून एक गोष्ट शिकले. पेशंट आला की कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं, हे विचारतेच. पण उपचाराला हात घालायच्या आधी आणखी एक विचारते, की हे दुखणं गेलं तर घरात कुणाचं काय जाईल. बहुतेक जण म्हणतात, कुणाचं काय जाणार, मॅडम. जे गप्प बसतात त्यांच्या बाबतीत मी जरा बेताने घेते.